काल्पनिक दरबारातली नाटकशाळा: आधी जागा, मग बाई

काल्पनिक राज्यावर कादंबरी किंवा मालिका लिहिणाऱ्यांच्या मसुद्यांत राजाची नाटकशाळा, म्हणजे लग्नाविना ठेवलेली बाई, बहुतेक एकाच वाटेने येते. पहिल्या प्रकरणात तिचे डोळे आणि पैंजण, मधे कुठेतरी राणीच्या दुधात विष, शेवटी कडेलोट. ती वाड्यात नेमकी राहते कुठे, तिचं ताट कुठल्या मुदपाकखान्यातून येतं, तिच्या पोराला सणाच्या दरबारात कुठे बसवतात, हे लेखकालाच ठाऊक नसतं. मग तीनशे पानं झाल्यावर कथा अडते, कारण तिने काही करायचं म्हटलं तर तिच्या हातात कसलंच साधन नसतं. उरतं फक्त विष.

घोटाळा क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी बाई रचतात आणि मग तिच्याभोवती दरबार चिकटवतात. खाली उलटा क्रम दिला आहे. एकेक टप्पा कागदावर पुरा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. उदाहरणासाठी मी कर्दळगड नावाचं एक छोटं राज्य घेतलं आहे. नदीवरचा मिठाचा व्यापार हे त्याचं मुख्य उत्पन्न, राजाला एकच राणी, तिला मुलगा नाही, आणि राणीचा भाऊ सेनापती. नाटकशाळेचं नाव चिमा. तिच्याबद्दल सध्या एवढंच.

तयारी: चार कागद आणि एक निवड

लिहायला बसण्याआधी चार कागद लागतील: राजघराण्याची वंशावळ, वाड्याचा नकाशा, खजिन्याच्या जमाखर्चाचा एक ताव, आणि राजाच्या दिवसाचं व वर्षाचं वेळापत्रक. वेळापत्रकात सण, मोहिमा, उपवास, शिकार सगळं धरा. नकाशा सुबक नसला तरी चालेल, दरवाजे मात्र सगळे हवेत.

मग दरबाराची जात ठरवा. ढोबळमानाने तीन आहेत. पहिलीत धर्म एकच बायको मानतो, जसं फ्रान्स किंवा इंग्लंड. तिथे राजाची प्रेयसी म्हणजे उघड धर्मभंग, आणि पुरोहित कायम टपलेला. दुसरीत राण्या अनेक, आणि त्यांच्या खाली विधीने न आलेल्या बायकांच्या पायऱ्या, जसं सातारा किंवा तंजावर. तिसरी ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांच्या, पद्धतीची. तिथे दासीच्या पोटी जन्मलेला शहजादाही गादीचा पुरता वारस, आणि पुढे त्याची आई राजमाता.

सावधान: या तिन्हींची खिचडी करू नका. ऑटोमन पद्धतीचा जनानखाना आणि व्हर्सायसारखी (हा फ्रेंच राजांचा वाडा) एकच मानाची प्रेयसी एकाच वाड्यात ठेवली की वारशाचं गणित कोसळतं. मिश्रण करायचंच असेल तर कुठला नियम कुठून घेतला हे लिहून ठेवा.

टप्पा 1: वारशाचा कायदा लिहा

हा टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा म्हणून वगळला जातो, आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. अर्ध्या पानात तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. नाटकशाळेच्या मुलाला गादी मिळू शकते का? गादी नाही तर इस्टेटीत वाटा मिळतो का? आणि राजाला हा कायदा एकट्याने बदलता येतो का?

आपल्याकडच्या धर्मशास्त्रात याची चांगली सोय आहे. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा टीका यांत दासीपुत्राला शूद्र घराण्यात बापाच्या इच्छेने वाटा मिळतो, द्विज घराण्यात मात्र फक्त पोटगी. म्हणजे राजाचं कुळ कुठल्या वर्णाचं मानायचं, या एका वादावर पोराचं नशीब फिरतं. असा वाद काल्पनिक राज्यात टाकला तर दरबारातल्या शास्त्र्यांना आपोआप काम मिळतं.

फ्रान्समध्ये अडचण वेगळी होती. चौदाव्या लुईची प्रेयसी मोंतेस्पाँ विवाहित होती, त्यामुळे कायद्याने तिची मुलं तिच्या नवऱ्याची ठरली असती. 1673 मध्ये राजाने त्यांना औरस ठरवणारा हुकूम काढला, तेव्हा त्यात आईचं नावच घातलं नाही. कादंबरीत असा आईविना दस्तऐवज सापडला तर वाचक दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचेल.

कर्दळगडचा कायदा मी असा केला: फक्त लग्नाच्या राणीचा मुलगा गादीवर, नसेल तर भाऊबंदांतून दत्तक, आणि दत्तकाच्या कागदावर सेनापतीची मोहर लागते. झालं. चिमा अजून कथेत यायची आहे, पण सेनापती तिचा शत्रू का होणार हे ठरून गेलं.

तपासा: राजा आज रात्री मेला तर उद्या सकाळी कोण कुठल्या दरवाज्याने धावेल? उत्तर एका वाक्यात देता आलं तरच पुढे जा.

टप्पा 2: तिला आत आणण्याची रीत

"राजाची तिच्यावर नजर पडली" ही रीत नव्हे. नजर पडल्यानंतर ती उंबरठा कसा ओलांडते ते हवं.

व्हर्सायला दरबारात रीतसर सादर झाल्याशिवाय कुणालाही स्थान नसे, आणि सादर होण्यासाठी कुलीन नाव लागे. पंधराव्या लुईची प्रेयसी पोंपादूर ही सावकारी वर्तुळातल्या सामान्य घरातली. 1745 मध्ये राजाने तिच्यासाठी सरदारकी मिळवली, नवऱ्यापासून कायदेशीर फारकत झाली, मग ती सादर झाली. त्याच राजाची पुढची प्रेयसी द्यु बारी, तिचं प्रकरण याहून गंमतीचं. तिचा आश्रयदाता आधीच विवाहित होता, म्हणून 1768 मध्ये त्याच्या भावाशी तिचं नावापुरतं लग्न लावलं. दरबारात हात धरून नेणारी कुलीन बाई मिळेना, तीही शोधून आणावी लागली, तेव्हा 1769 मध्ये सादरीकरण पार पडलं. एवढ्या खटपटीत किती माणसांचे उपकार साठले असतील बघा. ते सगळे पुढे वसुलीला येणार.

साताऱ्याची रीत अगदी निराळी. शाहू महाराजांची नाटकशाळा विरूबाई मोगलांच्या कैदेतल्या काळात नवरीसोबत आलेली दासी. तिला कुणी सादर केलं नाही. ती आधीपासून घरातच होती. बव्हेरियात राजा पहिल्या लुडविगला आपली प्रेयसी लोला माँटेझ हिला सरदारकी द्यायची होती, त्यासाठी आधी नागरिकत्व लागत होतं, आणि 1847 मध्ये त्या कागदाला विरोध करून मंत्रिमंडळच गेलं. एक सही, आणि सरकार पडतं. ज्यांना नाट्य हवं आहे त्यांनी विषाची बाटली खाली ठेवून असा एखादा कागद शोधावा.

तुमच्या राज्यात कुणाची सही, कुणाचं नाव, कुठला विधी लागतो ते लिहा, आणि प्रत्येकासमोर "याच्या बदल्यात काय" असा रकाना ठेवा.

टप्पा 3: नकाशावर तिची खोली

खोलीवरून दर्जा कळतो, आणि खोली बदलली की दर्जा बदलला हे संवादाविना सांगता येतं. पोंपादूरची पहिली राहण्याची जागा व्हर्सायमध्ये राजाच्या दालनांच्या वर, माडीवर होती. 1750 च्या सुमारास दोघांचे शरीरसंबंध संपले. त्यानंतर ती खाली, तळमजल्यावरच्या प्रशस्त दालनांत आली. म्हणजे अंथरूण सुटलं आणि जागा वाढली. नव्या लेखकाला हे उलटं वाटतं, कारण त्याच्या डोक्यात तिची सत्ता फक्त शेजेवर असते. 1764 मध्ये ती वारली तीही व्हर्सायमध्येच.

पुण्याच्या शनिवारवाड्याला मस्तानी दरवाजा आहे. मस्तानीला नाटकशाळा म्हणावं की पत्नी हा वाद इथे नको. आपल्याला घ्यायचं आहे ते एवढंच, की वेगळ्या बाईसाठी वेगळं दार लागतं आणि त्या दारावर वेगळा पहारा.

नकाशावर चार रेघा ओढा: तिच्या खोलीपासून राजाच्या शयनगृहापर्यंत, राणीच्या महालापर्यंत, देवघरापर्यंत आणि बाहेरच्या देवडीपर्यंत. प्रत्येक रेघेवर कोण बसलेलं असतं ते लिहा. हुजऱ्या, खोजा (जनानखान्यावरचा नपुंसक नोकर), म्हातारी कुणबीण (दासी), पहारेकरी. पुढे सगळ्या चहाड्या याच माणसांकडून येतील.

सावधान: गुप्त भुयार शेवटचा उपाय. भुयार असलं की देवडीवरच्या माणसाला लाच द्यावी लागत नाही, आणि लाचेचा प्रसंग भुयारापेक्षा नेहमी चांगला निघतो.

टप्पा 4: तिचं उत्पन्न

"राजाने तिला दागिन्यांनी मढवलं" एवढ्यावर भागवू नका. दागिने दाखवता येतात, पण त्यांवर नोकर पोसता येत नाहीत. तिला महिन्याला काय मिळतं, कुठल्या खात्यातून, आणि राजा मेल्यावर त्यातलं काय टिकतं?

साधारण चार वाटा असतात. राजाच्या खासगी खात्यातून नेमणूक, म्हणजे बांधलेली रक्कम, ही राजाच्या मर्जीवर चालते आणि त्याच्याबरोबर संपते. गाव इनाम, याची सनद असते, ती टिकू शकते. एखाद्या जकातीचा वा मक्त्याचा वाटा, यात व्यापारी तिचे मिंधे होतात. आणि चौथी, अर्जदारांचे नजराणे, ज्यांची नोंद कुठेच नसते.

दागिन्यांतही फरक करा. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने 1373 मध्ये मृत राणी फिलिपाचे दागिने आपली प्रेयसी ॲलिस पेरर्स हिला दिले. किंमत बाजूला ठेवा, राणीचे दागिने अंगावर दिसणं हाच गुन्हा ठरतो. तीन वर्षांनी, 1376 मध्ये, संसदेने तिच्यावर खजिन्याची लूट आणि न्यायदानात ढवळाढवळ असे आरोप ठेवून तिला दरबारातून घालवलं. राजा जिवंत असताना! तुमच्या राज्यात असा आरोप ठेवू शकणारी संस्था कुठली? पंचायत, मठ, सरदारांची सभा? एकही नसेल तर एक तयार करा, नाहीतर राजा सोडून तिला कुणाचंच भय उरत नाही.

चांगुलपणाचा खर्चही असतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींनी आपली नाटकशाळा मुक्तांबाळ हिच्या नावाने ओरत्तनाडला छत्र (धर्मशाळा) उभारलं, तिथे वाटसरूंना अन्न मिळे. नाटकशाळेच्या नावाचं अन्नछत्र, ज्यात तिला नावं ठेवणारेही पंगतीला बसतात, हा प्रसंग मला कुणाच्या मसुद्यात अजून दिसलेला नाही.

चिमाला मी एका मीठघाटाच्या जकातीत वाटा दिला. ती जकात आधी सेनापतीच्या पागेच्या खर्चाला लावलेली होती. घोड्यांचा चारा तुटला की कथा हलते.

तपासा: तिच्या उत्पन्नातला प्रत्येक रुपया आधी कुणाच्या खिशात जात होता? ज्याचा गेला त्याला कथेत नाव आहे का?

टप्पा 5: राणीशी तिचा रोजचा व्यवहार

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त पानं या टप्प्यावर उभी राहतात आणि सगळ्यांत जास्त साचेबंद लेखनही इथेच होतं. राणी म्हणजे रडणारी किंवा विष घालणारी, असा शिरस्ता पडला आहे. प्रत्यक्षात दोघी एका छताखाली वर्षानुवर्षं असत, आणि प्रश्न मत्सराइतकाच मानपानाचा असे.

1662 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने आपली प्रेयसी बार्बरा हिला नव्या राणीच्या, कॅथरिनच्या, खासगी सेविकांत नेमायचं ठरवलं. राणीने नकार दिला. राजाने हट्ट सोडला नाही, आणि शेवटी राणीलाच वाकावं लागलं. भांडण दिसायला एका नेमणुकीच्या यादीचं. पण त्या यादीत नाव आलं की प्रेयसीला राणीच्या दालनात रोज जाण्याचा हक्क, पगार आणि दर्जा मिळतो, आणि राणीला तिला पाठ दाखवता येत नाही.

व्हर्सायचा नियम असा, की मोठ्या दर्जाच्या व्यक्तीने आधी बोलायचं. युवराज्ञी मारी आंत्वानेत द्यु बारीशी बोलेना, आणि द्यु बारीला आपणहून तोंड उघडता येईना. दरबार आणि परदेशी वकील या मौनाची चर्चा करत राहिले. अखेर 1772 च्या नववर्षदिनी युवराज्ञी तिच्या दिशेने म्हणाली, "आज व्हर्सायला बरीच माणसं आहेत." एवढंच! पण वाक्य उच्चारलं गेलं आणि पेच सुटला. असं वाक्य लिहायचं असेल तर आधी तुमच्या दरबारात कोण कुणाशी आधी बोलतं, कोण बसतं, कोण उभं राहतं, विडा कुणाच्या हातून कुणाला जातो, हे नियम वाचकाला चार प्रसंग आधी दाखवून ठेवावे लागतील. नियम आणि त्याचा भंग एकाच पानावर आणला की वाचकाला काहीच बोचत नाही.

तिसरी शक्यता सातारची, आणि मला ती सर्वांत समृद्ध वाटते. शाहू महाराजांच्या सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्यांचं आपसांत पटत नसे. वाड्यातला कारभार विरूबाईच्या हाती होता. अक्कलकोटच्या घराण्याचा मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले तिने मुलासारखा वाढवला. 1740 मध्ये ती गेली आणि राण्यांमधल्या तंट्यांना आवर घालणारं कुणी उरलं नाही. म्हणजे नाटकशाळा घर फोडणारी असतेच असं नाही. कधी घर तिच्यामुळेच टिकून असतं आणि ती गेल्यावर फुटतं. तुमच्या कथेत मरण तिचं आहे आणि गोंधळ त्यानंतरचा, असं करून बघा.

सावधान: दोघींना एकांतात आणून लांबलचक भांडण लावू नका. दरबारी बायका चारचौघांत, सणाच्या दिवशी, साक्षीदारांसमोर बोलतात. एकांतात बोलण्यासारखं त्यांच्यात बहुधा काही नसतं.

टप्पा 6: तिचं काम

आता राजाचं वेळापत्रक काढा आणि तो दिवसातून किती वेळ तिच्याकडे असतो ते मोजा. त्या वेळात आणखी कोण येऊ शकतं? तिची सत्ता याच उत्तरात आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात लुईझ द केरुआय ही फ्रेंच प्रेयसी होती, आणि फ्रान्सचा वकील राजाला तिच्या दालनात निवांत भेटू शके. मंत्र्याला दरबारात चार लोकांसमोर मिळते ती भेट वकिलाला इथे गप्पा मारता मारता मिळते.

तिच्याकडे येणारे अर्जदार ठरवा: नोकरी मागणारा, कैद सोडवणारा, वसुलीला सूट मागणारा, लग्न जमवू पाहणारा. तिघे-चौघे पुरेत, पण एकाचं काम तिने नाकारलेलं दाखवा. सगळ्यांची कामं करणारी नाटकशाळा राजाला फार काळ परवडत नाही.

टप्पा 7: मुलं

पहिल्या टप्प्याचा कागद पुन्हा समोर घ्या. मूल जन्मलं की बारशाला कोण येतं, नाव घराण्यातलं ठेवता येतं का, आडनाव कुठलं, मौंज होते का, पंगतीत कुठे बसतो, हे ठरवा. जुन्या मराठीत अशा मुलाला लेकवळा म्हणत. नोकर तो शब्द पोराच्या पाठीमागे वापरतील, तोंडावर नाही.

मुलाचं पुढे काय होतं याच्या तीन नमुनेदार वाटा आहेत. एक, तलवार देऊन दूर पाठवणं: मस्तानीचा समशेर बहादूर पेशव्यांच्या बाजूने 1761 च्या पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी गेला; त्याच्या मुलाकडून बांद्याच्या नवाबांचं घराणं चाललं. दोन, बंड: दुसऱ्या चार्ल्सचा लग्नाबाहेरचा मुलगा मॉनमथ. राजाने त्याच्या आईशी गुपचूप लग्न केलं होतं आणि त्याचा पुरावा एका काळ्या पेटीत आहे, अशी वदंता होती. पेटी कुणी पाहिली नव्हती. 1685 मध्ये त्याने गादीवर दावा सांगून बंड केलं आणि डोकं गमावलं. तीन, प्रत्यक्ष गादी: तंजावरचा प्रतापसिंह, तिथल्या तुकोजी राजाचा विधिवत लग्नाबाहेरचा मानला गेलेला मुलगा, 1739 मध्ये राजा झाला. 1749 मध्ये इंग्रजांनी त्याच्याविरुद्ध शहाजी नावाच्या दावेदाराचा पक्ष घेतला, आणि किनाऱ्यावरचं देवीकोट्टै मिळाल्यावर त्या दावेदाराला सोडून प्रतापसिंहाशीच जुळवून घेतलं. परकी सत्तेला मुलाचा जन्म कसा झाला याच्याशी देणंघेणं नसतं; तिला बंदर हवं असतं.

तपासा: मुलाला स्वतःचं जन्मरहस्य कळण्याचा प्रसंग तुम्ही योजला असेल तर काढून टाका. वाड्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाणक्यालासुद्धा.

टप्पा 8: पडझड, आणि तिचा क्रम

नाटकशाळेचा अंत राजाच्या आजारपणापासून सुरू होतो, मृत्यूपासून नाही. 1744 मध्ये पंधरावा लुई मेत्झला आजारी पडला. पापाची कबुली आणि अंतिम संस्कार हवे असतील तर प्रेयसी शातोरूला घालवा, असा धर्मगुरूंचा आग्रह. तिला हाकललं गेलं, राजा बरा झाला, तिला परत बोलावलं, आणि त्याच वर्षी ती स्वतःच वारली. पुरोहिताची पंचाईत कल्पून बघा. तीस वर्षांनी, 1774 मध्ये, तोच राजा देवीच्या रोगाने पडला आणि द्यु बारीला आधीच वाड्याबाहेर पाठवलं गेलं. या वेळी तो बरा झाला नाही, आणि तिची रवानगी मठात झाली.

कथेत हा क्रम पाळा: आधी वैद्याचा चेहरा, मग अर्जदारांची गर्दी ओसरणं, मग देवडीवरच्या पहारेकऱ्याने तिची पालखी थांबवून विचारपूस करणं, मग पुरोहित, मग जामदारखान्याची, म्हणजे दागिन्यांच्या कोठाराची, यादी. 1559 मध्ये फ्रान्सचा दुसरा हेन्री भाल्याच्या खेळात जखमी होऊन मेला, तेव्हा त्याच्या राणी कॅथरिनने त्याची प्रेयसी दियान द प्वातिए हिच्याकडून राजघराण्याचे दागिने परत घेतले आणि शनाँसोचा वाडा काढून बदल्यात शोमाँचा दिला. डोकं उडवलं नाही, जागा बदलून दिली. हिशेबी सूड कडेलोटापेक्षा वाचकाच्या जास्त लक्षात राहतो.

टप्पा 9: आता चिमा

एवढं झाल्यावरच तिचं वय, रंगरूप, बोलणं, भीती लिहा. तोवर निम्मं ठरलेलं असतं. तिला मीठघाटाचा हिशेब कळतो, म्हणजे ती बहुधा तिथल्याच एखाद्या तागडीवाल्याची मुलगी. तिला देवडीवरच्या कुणबिणीचं नाव ठाऊक आहे. तिला मुलगा नको आहे, कारण पहिल्या टप्प्यातला कायदा तिने ऐकलेला आहे.

संबोधनांची एक पट्टी करून टेबलावर चिकटवा. राजा एकांतात "चिमा" आणि चारचौघांत काहीच नाही. नोकर तोंडावर "बाईसाहेब", राणीचे नोकर मुद्दाम "चिमाबाई". "राणीसाहेब" म्हणणारा एकच, नजराणा घेऊन आलेला व्यापारी, आणि ते ऐकून ती दचकते. राणी तिचं नाव घेत नाही, "तिकडचं माणूस" म्हणते. पुस्तकभर ही पट्टी मोडू नका. मोडायची ती एकदाच, आणि कुणाकडून मोडवायची हे आजच ठरवा.

मसुदा पुरा झाला की तिचे सगळे प्रसंग बाजूला काढून सलग वाचा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा: दार, पैसा, मान, मूल. चारांपैकी एकही खूण बसत नसलेला प्रसंग बहुतेक तिच्या डोळ्यांच्या वर्णनाचा असेल. तो कापा.